फाइल जागेवरच ठेवून: जुन्या एमडीबीतल्या टेबलांवर बाहेरून क्वेरी

ग्रंथालयाच्या देवघेवीचा जुना प्रोग्रॅम अजून चालू आहे, त्याचा डेटा अ‍ॅक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या जुन्या डॉट एमडीबी फाइलीत आहे, काउंटरवर रोज त्यातच नोंदी होतात, आणि सभासदांचं नवं काम मात्र दुसऱ्या एका अ‍ॅक्सेस फाइलीत, म्हणजे डॉट एसीसीडीबीत सुरू झालंय. मला हवं होतं एवढंच की जुन्यातली देवघेव आणि नव्यातले सभासद एकत्र बघता यावेत, कोणाकडे काय अडकलंय, कुठलं पुस्तक वर्षानुवर्षं कोणी नेलंच नाही, असलं. ज्याला विचारावं तो म्हणे "इम्पोर्ट कर की, दोन मिनिटांचं काम". पण इम्पोर्ट केलं की त्या क्षणाची कॉपी मिळते, आणि तिकडे काउंटरवर नोंदी चालूच, म्हणजे संध्याकाळपर्यंत ती शिळी. शिवाय नंतर कोणीतरी त्या कॉपीत दुरुस्ती करणार आणि मग खरी कुठली यावर वाद. म्हणून ठरवलं की फाइल आहे तिथेच राहू दे, आपण बाहेरूनच क्वेरी मारू, म्हणजे त्या टेबलांना हवं ते विचारू. हे जमतं, अगदी व्यवस्थित जमतं, पण एक गोष्ट मला काम करता करता कळत गेली की फाइल तीच, टेबल तेच, क्वेरीसुद्धा जवळजवळ तीच, आणि तरी तुम्ही कुठल्या दारातून आत शिरलात यावर उत्तर बदलतं. खाली लिहिलेलं बरंचसं त्याबद्दलच आहे.

आधी फाइल कोणत्या जातीची ते बघितलं. नावापुढे डॉट एमडीबी एवढ्यावरून काही कळत नाही, अ‍ॅक्सेस ९७ ची पण एमडीबी आणि २००३ ची पण एमडीबीच. कॉपी करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर पहिल्याच ओळीत कचऱ्यामध्ये 'स्टँडर्ड जेट डीबी' असे शब्द दिसतात, एसीसीडीबी असेल तर तिथे 'स्टँडर्ड एस डीबी' दिसतं. जेट हे जुन्या इंजिनाचं, म्हणजे फाइलीतला डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाचं नाव, २००७ पासून एस आलं. जेटमध्येही ९७ चं ३.५ आणि २००० ते २००३ चं ४.०, आणि अ‍ॅक्सेस २०१३ पासून पुढे ९७ ची फाइल उघडतच नाही, तशी निघाली तर आधी मधल्या एखाद्या व्हर्जनने ती नव्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्यावी लागते. माझी जेट ४ ची होती, त्यामुळे सुटले.

दुसरं म्हणजे लॉक फाइल. एमडीबी कोणी उघडली की त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची डॉट एलडीबी तयार होते (एसीसीडीबीची असेल तर एलएसीसीडीबी), त्यात कोण कोण आत आहे त्या कॉम्प्युटरांची नावं असतात, शेवटचा माणूस बाहेर पडला की ती आपोआप जाते. ही माहिती महत्त्वाची का, तर तुम्ही नुसतं वाचायला गेलात तरी ती लॉक फाइल बनवायला त्या फोल्डरवर लिहायची परवानगी लागते. मला फोल्डरवर फक्त वाचायची परवानगी दिली होती, सुरक्षेच्या नावाखाली, आणि इकडे अ‍ॅक्सेस कुरकुर करतंय. ग्रंथपाल काकांना समजावलं तर ते म्हणाले, "अगं पण तुला बघायचंय ना नुसतं, मग लिहायची परवानगी कशाला?" प्रश्न बरोबर होता त्यांचा. शेवटी फोल्डरला परवानगी मिळाली. पण ज्या टेबलांचा अंदाज नाही त्यांच्यावर पहिले प्रयोग मी कॉपीवरच केले, चालू फाइलवर नाही.

आता मूळ मुद्दा. अ‍ॅक्सेसच्या एसक्यूएलमध्ये, म्हणजे क्वेरी लिहायच्या भाषेत, 'इन' नावाचं एक कलम आहे, व्हेअरमधलं इन नव्हे, हे फ्रॉमच्या मागे येतं. नवी क्वेरी उघडायची, एसक्यूएल व्ह्यूमध्ये जायचं आणि लिहायचं:

सिलेक्ट * फ्रॉम देवघेव इन 'डी:\ग्रंथालय\जुने.एमडीबी'

झालं. ना इम्पोर्ट ना लिंक, डाव्या बाजूच्या यादीत काही नवीन दिसत नाही, आणि समोर जुन्या फाइलीतल्या ओळी येऊन पडतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच बरं वाटलं. जे लोक माउसने क्वेरी बनवतात त्यांच्यासाठी हेच क्वेरीच्या प्रॉपर्टी शीटमध्ये 'सोर्स डेटाबेस' म्हणून असतं, तिथे पाथ टाकला की मागे हेच इन तयार होतं. पाथ लिहिताना डी, एक्स, झेड असलं ड्राइव्हचं अक्षर वापरलं तर ते तुमच्याच मशीनवर चालतं, शेजारच्याच्या मशीनवर तेच शेअर दुसऱ्या अक्षराला जोडलेलं असतं, म्हणून नेटवर्कवर असेल तर दोन उलट्या रेघांनी सुरू होणारा सर्व्हरचा पूर्ण पाथच द्यावा.

मग मी पुढची पायरी म्हणून नव्या फाइलीतलं सभासद टेबल याला जॉइन केलं, म्हणजे दोन्हींतल्या जुळणाऱ्या ओळी जोडल्या, फ्रॉम सभासद इनर जॉइन देवघेव ऑन अमुक बरोबर तमुक, आणि शेवटी ते इन. लगेच एरर, 'सभासद' नावाचं इनपुट टेबल किंवा क्वेरी सापडत नाही. आता सभासद तर माझ्या समोर उघड्या फाइलीत आहे, डोळ्यांना दिसतंय, तरी सापडत नाही म्हणजे काय? कारण असं की हे इन एका टेबलापुरतं नसतं, ते अख्ख्या फ्रॉमला लागतं. इन लिहिलं की इंजिन सगळीच टेबलं त्या बाहेरच्या फाइलीत शोधायला जातं, आणि तिथे सभासद नसतं. जुन्या फाइलीतही नेमकं 'सभासद' नावाचं टेबल असतं तर एरर आलाच नसता, गुपचूप तिथलं जुनं टेबल घेऊन आकडे दिले असते, आणि ते जास्त वाईट.

यावर उपाय म्हणजे पाथ टेबलाच्या नावाआधी चौकटी कंसात लिहायचा:

फ्रॉम सभासद अ‍ॅज स इनर जॉइन [डी:\ग्रंथालय\जुने.एमडीबी].देवघेव अ‍ॅज द ऑन ...

असं लिहिलं की तो पाथ त्या एका टेबलालाच लागतो, बाकीची टेबलं स्थानिक. याच पद्धतीने दोन वेगवेगळ्या बाहेरच्या फाइली पण एका क्वेरीत येतात, जे इनने होत नाही कारण एका इनमध्ये एकच फाइल. फाइलीला पासवर्ड असेल तर कंसात अर्धविराम, मग डेटाबेस बरोबर पाथ, परत अर्धविराम, पीडब्ल्यूडी बरोबर पासवर्ड, असं लिहिता येतं, फक्त लक्षात असू द्या की तो पासवर्ड मग क्वेरीच्या मजकुरात उघडा पडलेला असतो, जो क्वेरी उघडेल त्याला वाचता येतो. टोपणनाव, म्हणजे ते अ‍ॅज द वगैरे, नक्की द्या, नाहीतर पुढे प्रत्येक कॉलमआधी एवढा मोठा पाथ लिहून क्वेरी वाचण्यासारखी राहत नाही.

जॉइन लागला तर पुढचा एरर, टाइप मिसमॅच. जुन्यात सभासद क्रमांक टेक्स्ट होता, आकड्याआधी शून्यं भरून, ००१२३ असा, आणि नव्यात सरळ नंबर, १२३. व्हॅल फंक्शन लावलं की टेक्स्टचा नंबर होतो, पण कॉलम नल, म्हणजे रिकामा, असेल तर व्हॅल रुसतं, म्हणून व्हॅल(द.क्रमांक & '') असं रिकामी स्ट्रिंग जोडून लिहिलं. हे एक्स्प्रेशन जॉइनमध्ये आलं की डिझाइन व्ह्यू ती क्वेरी दाखवत नाही, एसक्यूएलमध्येच ठेवावी लागते, त्याला इलाज नाही.

इथपर्यंत सगळं अ‍ॅक्सेसच्या आतून. मग मला हेच पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतून हवं झालं, कारण रोजची यादी आपोआप निघायला पाहिजे होती आणि रोज कोणी अ‍ॅक्सेस उघडून बसणार नव्हतं. आणि इथे खरी मजा सुरू झाली.

पहिलं ते ३२ बिट आणि ६४ बिट. पायथन ६४ बिट, मशीनवरचं ऑफिस ३२ बिट, आणि ओडीबीसी ड्रायव्हर, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारा दुवा, ज्या बिटचा प्रोग्रॅम त्याच बिटचा लागतो. पायओडीबीसीला (पायथनमधून ओडीबीसी वापरायची लायब्ररी) ड्रायव्हर्सची यादी विचारली तर अ‍ॅक्सेसचा ड्रायव्हर दिसतच नाही, आणि कनेक्ट करायला गेलं की 'डेटा सोर्स नेम सापडलं नाही आणि डिफॉल्ट ड्रायव्हर दिलेला नाही' हा एरर, ज्याचा बिटशी काही संबंध आहे असं वाचून कोणाला वाटणारच नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये ओडीबीसी उघडून बघितलं तर तिथे ड्रायव्हर आहे! कारण विंडोजमध्ये ओडीबीसीची दोन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहेत, दोन्हींच्या फाइलीचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२, एक सिस्टिम३२ फोल्डरमध्ये आणि दुसरं सिसवाव६४ मध्ये, आणि गंमत म्हणजे ३२ बिटचं आहे ते ६४ नाव असलेल्या फोल्डरमध्ये आणि ६४ बिटचं ३२ वाल्यात. एकदा डोक्यात बसलं की बसलं, पण तोवर माणूस वेडा होतो. वेगळं ६४ बिट एस इंजिन टाकायला गेलं तर ३२ बिट ऑफिस असलेल्या मशीनवर इन्स्टॉलर सरळ नाही म्हणतो. मी ३२ बिट पायथन बाजूला टाकून त्यात काम केलं, सगळ्यात कमी डोकेदुखी. जेट ४ चा जुना ओएलई डीबी प्रोव्हायडर (ओडीबीसीसारखाच जोडणीचा दुसरा मार्ग) तर फक्त ३२ बिटमध्येच आहे, त्यामुळे जुन्या कोडमध्ये तो लिहिलेला असेल आणि ६४ बिटमध्ये चालत नसेल तर शोधत बसू नका, एस १२.० कडे या.

कनेक्शन लागलं. क्वेरी तीच, अ‍ॅक्सेसमधून कॉपी करून चिकटवलेली. सुरुवातीला त्यात एनझेड फंक्शन होतं, नलच्या जागी शून्य देणारं, अ‍ॅक्सेसमध्ये सगळे वापरतात ते. बाहेरून आलं की 'एनझेड हे फंक्शन माहीत नाही'. बरोबरच आहे, ते फंक्शन इंजिनाचं नाहीच, ते अ‍ॅक्सेस या प्रोग्रॅमचं आहे, आणि आपण आता अ‍ॅक्सेसला वगळून थेट इंजिनाशी बोलतोय. तिथे आयआयएफ आणि इझ नल असं लांबण लावून लिहायचं. कॉलमचं नाव जरा इकडचं तिकडं झालं तर अ‍ॅक्सेसमध्ये एक खिडकी उघडून पॅरामीटरची किंमत विचारली जाते, बाहेरून मात्र 'टू फ्यू पॅरामीटर्स, एक्सपेक्टेड १' येतं. हा एरर आला की पॅरामीटर वगैरे काही शोधू नका, कॉलमचं स्पेलिंग बघा, बहुतेक वेळा तेच असतं.

हे सगळं तरी बरं, कारण एरर येतो. भीती वाटते ती एरर न येणाऱ्या गोष्टींची. लाइक 'इति*' असं अ‍ॅक्सेसमध्ये लिहिलं की इति ने सुरू होणारी सगळी नावं येतात, इतिहास वगैरे. तीच क्वेरी ओडीबीसीतून मारली, शून्य ओळी. तक्रार नाही, लाल अक्षरं नाहीत, नुसतं शून्य. बाहेरून आलं की वाइल्डकार्ड, म्हणजे 'इथे काहीही चालेल' सांगणारं चिन्ह, टक्क्याचं असतं, तारा म्हणजे खरोखरचा तारा समजला जातो, आणि तारा असलेलं पुस्तकाचं नाव कोणाचं असणार. दोन्हीकडे चालेल असं हवं असेल तर लाइकच्या जागी एलाइक लिहा, ते दोन्ही दारांतून टक्क्यालाच वाइल्डकार्ड धरतं. हे फारसं कोणी सांगत नाही, का कोण जाणे.

तारखांचं तर विचारूच नका. दोन हॅशच्या मध्ये ०३/०४/२००४ लिहिलं की ते ४ मार्च, ३ एप्रिल नाही, तुमच्या विंडोजमध्ये तारीख कशी सेट आहे याच्याशी एसक्यूएलला देणंघेणं नाही, महिना आधी. इतकंच असतं तर सवय झाली असती, पण १३/०४/२००४ लिहिलं तर तेरावा महिना नसतो म्हणून ते समजूतदारपणे १३ एप्रिल धरतं. म्हणजे महिन्याच्या १२ तारखेपर्यंत एक अर्थ आणि १३ पासून दुसरा, आणि चाचणी घेताना तुम्ही जर २५ तारीख घेतलीत तर सगळं बरोबर दिसणार. मी २००४-०४-०३ असं वर्ष आधीच लिहिते, त्यात शंकेला जागा नाही.

आणि त्या तारखेच्या पोटात वेळ पण असते. अ‍ॅक्सेस तारीख आतून एक दशांश आकडा म्हणून ठेवतं, ३० डिसेंबर १८९९ हा शून्य दिवस, पूर्णांक म्हणजे दिवस आणि पॉइंटनंतरचं म्हणजे वेळ. जुन्या प्रोग्रॅमने पुस्तक देतानाची वेळ पण टाकून ठेवली होती, स्क्रीनवर फक्त तारीख दिसायची. बिटवीन १ एप्रिल आणि ३० एप्रिल लावलं की ३० एप्रिलला दिवसभरात गेलेली पुस्तकं बाहेर, कारण तुमचं ३० एप्रिल म्हणजे त्या दिवसाची मध्यरात्र. १ एप्रिल किंवा नंतर आणि १ मेच्या आधी, असंच लिहायचं. एका कॉलममध्ये नुसती वेळच होती, ती पायथनमध्ये १८९९ सालची तारीख घेऊन आली, काकांना दाखवली तर म्हणाले "एवढं जुनं नाही आपलं ग्रंथालय".

येस-नो कॉलमचं पण सांगते. 'परत आलं' असा टिकमार्कचा कॉलम होता, तर येस म्हणजे इथे १ नाही, उणे १. त्यामुळे व्हेअर परत = १ लिहिलं की काहीच येत नाही आणि त्याची सम केली तर उणे आकडा येतो. व्हेअर परत <> ० लिहा, सगळीकडे चालतं.

शेरा नावाचा मेमो, म्हणजे लांब मजकुराचा, कॉलम होता, त्यात फाटलेली पानं, बदललेला पत्ता, असं बरंच लिहिलेलं. दोन फाइलींतले शेरे युनियनने एकत्र केले तर लांब शेरे मध्येच तुटलेले, बरोबर २५५ अक्षरांवर. युनियन, डिस्टिंक्ट, ग्रुप बाय, जिथे जिथे ओळींची एकमेकींशी तुलना होते तिथे मेमो २५५ ला कापला जातो. युनियन ऑल केलं की पूर्ण येतो, कारण त्यात तुलना नसते.

वेगाचं म्हणाल तर इन किंवा कंसातला पाथ कधीतरीच्या क्वेरीला ठीक. रोज लागणारं असेल तर टेबल लिंक करून घ्यावं, मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा सल्ला पण तोच आहे. लिंक म्हणजे सुद्धा डेटा तिकडेच, इकडे फक्त पत्ता आणि रचना. फाइल हलली की लिंक्ड टेबल मॅनेजरमधून पत्ता बदलायचा. पण लिंक केली म्हणून जादू होत नाही. ही फाइलवाली डेटाबेस आहे, तिकडे सर्व्हरवर कोणी बसून तुमची क्वेरी चालवत नाही, सगळं काम तुमच्या मशीनवर होतं आणि त्यासाठी फाइलीचे तुकडे नेटवर्कवरून ओढून आणले जातात. इंडेक्स, म्हणजे ओळी पटकन शोधायची सूची, वापरता आला तर थोडे तुकडे, नाहीतर अख्खं टेबल. माझ्या क्वेरीत इयर(तारीख) = २००४ असं होतं, कॉलमवर फंक्शन लावलं की इंडेक्स बाद. तेच १ जानेवारी २००४ पासून १ जानेवारी २००५ च्या आधी असं लिहिल्यावर चहा घेऊन यायला वेळ मिळेना.

काकांनी नंतर त्याहून जुनं एक फोल्डर काढून दिलं, डीबेस या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमच्या डीबीएफ फाइलींचं. तिथे फोल्डर म्हणजेच डेटाबेस आणि प्रत्येक डीबीएफ एक टेबल, म्हणून इनमध्ये पहिली जागा रिकामी ठेवून पुढे 'डीबेस ३;डेटाबेस=फोल्डरचा पाथ' असं द्यायचं. कॉलमांची नावं जास्तीत जास्त १० अक्षरांची, त्यामुळे काय आहे ते ओळखणं हे वेगळंच कोडं. हे करायचं तर व्हर्जन बघा, अ‍ॅक्सेस २०१३ मधून डीबेस काढून टाकलं होतं, २०१६ मध्ये परत आणलं.

लिनक्सवाल्यांसाठी एमडीबीटूल्स आहे, टेबलांची यादी आणि सीएसव्ही काढायला उत्तम. आणि एसक्यूलाइट या दुसऱ्या फाइलवाल्या डेटाबेसमध्ये हेच सगळं अटॅच डेटाबेसने होतं, फाइलीला एक टोपणनाव द्यायचं आणि टोपणनाव डॉट टेबल असं लिहायचं, फार नीटनेटकं, फक्त पाथ चुकला तर ते बिनबोभाट एक नवी रिकामी फाइल बनवतं आणि मग टेबल नाही म्हणून सांगतं.

आता रोजची यादी ठरल्या वेळी निघते, काउंटरवर कोणाला पत्ताही नसतो. एक गोष्ट मात्र जमली नाही, फाइलीचा पाथ क्वेरीला पॅरामीटर म्हणून देता येत नाही, तो मजकुरातच लिहावा लागतो. म्हणून मी पाथ एका सेटिंगच्या फाइलीत ठेवलाय आणि क्वेरीची स्ट्रिंग दर वेळी त्यावरून जोडली जाते, जोडण्याआधी फाइल तिथे आहे का ते तपासून. जुना प्रोग्रॅम नव्या मशीनवर जाणार असं काका म्हणतायत, तेव्हा तेवढी एक ओळ बदलायची.